केन्याची पाठची भावंडं

ऑगस्ट लागला की आमच्या भागात सोयाबीनच्या धुऱ्यावर दरवर्षी एक भांडण होतं. निंदण होऊन वीस-बावीस दिवस झालेले असतात, मध्ये पावसाची एक झड येऊन गेलेली असते आणि तासातासांत केन्याचं तण पुन्हा पसरलेलं असतं. मालक म्हणतो, बायांनी वरवर ओरबाडलं, मुळ्या तशाच ठेवल्या. बाया म्हणतात, आम्ही रान साफ करून दिलं होतं. रोजाचे पैसे मालकाच्या खिशात असतात, त्यामुळे बायांचं म्हणणं खरं असलं तरी खाली पडतं.

हे भांडण मी स्वतः केलं आहे आणि चुकीच्या बाजूने केलं आहे. एका वर्षी मी दोन दिवसांचा रोज अडवून धरला होता. निंदणाला आलेल्या मावशींनी एक केना उपटून माझ्यापुढे धरला आणि म्हणाल्या, “भाऊ, हा थो केना नाही. थो गेला. हा त्याच्या पाठचा होय.” मला ती सबब वाटली. पैसे मी नंतर दिले, पण ते शब्द खरे होते हे कळायला मला आणखी दोन हंगाम लागले. हा लेख त्या शब्दांच्या बाजूने आहे.

तण पुन्हा दिसलं म्हणजे आधीचं काम बिघडलं, हा समज आपल्याकडे फार खोल रुजलेला आहे. निंदण केलं असेल तर दोष बायांचा. फवारा मारला असेल तर दोष औषधाचा: डब्बा बनावट होता, नाहीतर मात्रा कमी पडली. या दोन्ही आरोपांच्या मुळाशी एकच गृहीतक आहे आणि ते कोणी बोलून दाखवत नाही. एका तणाचं बी एकाच वेळी उगवतं, म्हणून एकदा नीट मारलं की ते संपायला हवं, असं आपण धरून चालतो.

हे गृहीतक आलं कुठून? आपण जे पेरतो त्याच्याकडून. सोयाबीन टाकलं की चार-सहा दिवसांत तास दिसायला हवेत. प्रमाणित बियाण्याची उगवण किमान 70 टक्के असलीच पाहिजे, आणि ती नसली तर आपण पंचनामा मागतो, आणि ते रास्तच आहे. पण पिकाच्या बियाण्याला ही सवय माणसाने लावलेली आहे. हजारो वर्षं शेतकऱ्याने पेरलं, जे वेळेवर उगवलं ते कापलं, त्यातलंच पुढच्या वर्षी पेरलं. जे बी मातीत झोपून राहिलं ते खळ्यावर आलंच नाही, म्हणून त्याचा वंश पिकातून गळाला. तणाच्या बाबतीत आपल्याच हाताने नेमकी उलटी निवड झाली. जे तण एकजात उगवलं ते वखराच्या एका पाळीत एकजात गेलं. ज्याचं थोडं बी मागे राहिलं, ते टिकलं.

केन्याचं हे मागे राहणं डोळ्यांनी पाहता येतं. सप्टेंबरात ओल असताना एक वाढलेलं झाड खुरप्याने ओरबाडून न काढता भोवतालच्या मातीसकट अलगद उचलावं. वर ओळखीचा केना असतो: रुंद पानं, पानाच्या देठाशी तांबूस केस, सकाळी उमलून दुपारपर्यंत मिटणारं निळं फूल, आणि ते फूल ज्यातून डोकावतं तो द्रोणासारखा दुमडलेला हिरवा कोश. पाणी घालून माती हळूहळू सुटू दिली की खाली पांढरट, बारीक फांद्या दिसतात. त्या उजेडात कधी आलेल्याच नसतात. त्यांच्या टोकाला तसेच कोश असतात, फक्त पांढरे. त्यांतली फुलं उमलत नाहीत, मातीतच मिटल्या मिटल्या आपलं परागण आपणच उरकतात आणि बोंड धरतात. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा ती मुळांवरची गाठ समजून नखाने फोडली. आत तीन दाणे होते: एक मोठा, दोन लहान. मग वरच्या हिरव्या कोशातलं पिकलेलं बोंड फोडलं. त्यात पाच निघाले: एक मोठा, चार लहान. करडे, सुरकुतलेले, जाळीदार पाठीचे दाणे.

म्हणजे एकाच झाडावर बियांचे चार प्रकार: वरचं मोठं, वरचं लहान, खालचं मोठं, खालचं लहान. ऑस्ट्रेलियातल्या वॉकर आणि इव्हेन्सन या संशोधकांनी 1985 साली या चौघांची उगवण वेगवेगळी मोजून प्रसिद्ध केली. ताजं गोळा केलेलं जमिनीखालचं मोठं बी सुमारे 90 टक्के उगवलं. खालचं लहान बी साधारण तिनात एक. वरचं मोठं 20 ते 35 टक्के. आणि वरचं लहान बी, जे झाडावर संख्येने सर्वांत जास्त असतं, ते 3 टक्क्यांच्या वर गेलं नाही. न उगवलेलं बी मेलेलं नव्हतं. त्याचं कवच टोकरलं की तेही उगवतं. कुलूप कवचात आहे आणि ते ऊन, ओल आणि काळ यांनी सावकाश उघडतं. कोणाचं या हंगामात, कोणाचं पुढच्या.

कोकणातला शेतकरी भाताचे हळवे, निमगरवे आणि गरवे वाण ओळखतो. केन्याने हे तिन्ही वाण एकाच झाडावर बाळगले आहेत. खालचं मोठं बी हळवं, वरचं लहान बी गरवं. आणि ही वाटणी कशासाठी, हे विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला समजावून सांगावं लागू नये. मृगात पाऊस पडतो, आपण पेरतो, मग तीन आठवडे उघडीप. कोवळी रोपं करपतात आणि दुबार पेरणीसाठी पुन्हा बियाणं विकत आणावं लागतं. केन्यावर ती पाळी येत नाही. त्याने दुबार पेरणीचं बियाणं आधीच जमिनीत ठेवलेलं असतं, तिबारचंही. 3 टक्के उगवण हा आपल्या बियाण्याचा दोष ठरला असता. केन्याची तीच ठेव आहे.

यावर एक आक्षेप येतो की हे परदेशातले आकडे आहेत, आपल्या काळ्या मातीत तसं कशावरून. आकडे माती-हवामानाप्रमाणे खाली-वर होतील, हे मी मान्य करतो. पण जमिनीखालचं बोंड काळ्या मातीतही आहे आणि त्यातले तीन दाणेही. ज्याला शंका असेल त्याने आपल्याच वावरात एक झाड उकरावं. शिवाय केना एकटा नाही. आमच्याकडे ज्याला गोखरू म्हणतात त्या काटेरी शंकेश्वराच्या एका बोंडात दोन बिया असतात. मोठी आधी उगवते, लहान मागे थांबते. गव्हात येणारा चाकवत थोडं तपकिरी, पातळ कवचाचं बी धरतो ते लवकर उगवतं, आणि बाकीचं काळं, जाड कवचाचं बी वाट पाहतं.

आता फवाऱ्याबद्दल. तणनाशक वापरूच नये असं मी म्हणत नाही. मजूर मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत, ही अडचण खरी आहे. जून 2019 मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीरला शेतकऱ्यांनी मान्यता नसलेल्या तणनाशकरोधक कापसाची उघड पेरणी केली, ती याच अडचणीतून. बनावट औषधंही बाजारात असतात. पण पीक उगवल्यावर मारायचं तणनाशक मुख्यतः समोरच्या पानावर काम करतं. जे बी अजून मातीत आहे त्याला पान नाही. ग्लायफोसेट हे तणनाशक तर मातीत पडल्यावर पुढच्या उगवणीला अडवतच नाही. म्हणून फवाऱ्यानंतर पंधरवड्याने वर आलेला कोवळा केना दाखवून औषध खोटं होतं असं सिद्ध होत नाही. जुनं, फुटवे धरलेलं झाड हिरवंच राहिलं असेल, तर तक्रारीत दम असू शकतो. हा फरक न बघता लोक दुसरा फवारा दीडपट मात्रेने मारतात. त्याने पीक पिवळं पडतं आणि मातीतला गरवा केना तसाच राहतो.

एकाच औषधावर सगळा भार टाकल्यावर काय होतं याचा दाखला अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याने दिला आहे. तिथे ग्लायफोसेटला दाद न देणारा कापूस घरोघरी झाला, बाकीची तणं हटली, मशागत कमी झाली. आपला हाच केना तिथे परका. 1983 पासून तो तिथल्या केंद्र सरकारच्या घातक तणांच्या यादीत आहे. त्याला ग्लायफोसेट पुरेसं लागत नाही आणि त्याची बरीच उगवण पीक उभं राहिल्यावर होते. काही वर्षांतच, 2004 च्या सुमारास, तो तिथल्या कापसातलं सर्वांत त्रासदायक तण ठरला. आपल्याकडे ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्राने ग्लायफोसेट फक्त कीडनियंत्रणाचा परवाना असलेल्यांनीच वापरावं असा आदेश काढला. तो आदेश उद्या उठला आणि तणनाशकरोधक कापूस परवा अधिकृत झाला, तरी केन्याच्या चार प्रकारच्या बियांत फरक पडणार नाही.

खोल नांगरटीचा उपाय सांगणारेही आहेत. केन्याची बहुतेक उगवण वरच्या दोन-तीन बोटांच्या मातीतून होते, म्हणून खाली गाडलेलं बी त्या वर्षी वर येत नाही, इथवर ते बरोबर आहेत. पण गाडलेलं बी जिवंत असतं आणि पुढच्या उन्हाळ्यातला नांगर त्याला परत वर आणतो.

मग करायचं काय? तणाची उगवण टप्प्याटप्प्याने असेल तर कामही टप्प्याटप्प्याने, आणि प्रत्येक टप्प्याचा हिशोब वेगळा. हळव्या केन्याला पेरणीच्या आधी गाठावं. पहिल्या चांगल्या पावसानंतर तो उगवू द्यावा आणि वखराची उथळ पाळी देऊन मग पेरावं. पेरणी चार-पाच दिवस मागे जाते, हे खरं. ज्या वर्षी पाऊसच उशिरा आला त्या वर्षी हे जमणार नाही, तेव्हा कोणी हट्ट धरू नये. पण जमलं तर सर्वांत जास्त जोमाचं बी पिकाशी भांडण्याआधीच खर्ची पडतं. पेरणीनंतर डवरणी असो की फवारा, त्याला मधल्या टप्प्याचं काम समजावं, शेवटचं नव्हे. आणि दुसरं निंदण हे पहिल्याची दुरुस्ती म्हणून करू नये, ते पहिल्यापासूनच ठरलेलं स्वतंत्र काम असावं.

आणखी एका गोष्टीकडे फार दुर्लक्ष होतं. सोयाबीनने तासं झाकली की आपण वावरात जाणं सोडतो. खाली दहा-पाच केने राहिलेले असतात आणि ते पिकाचं नुकसान फारसं करत नाहीत, म्हणून कोणी बघत नाही. पण वरचं लहान बी, ते सर्वांत हट्टी, याच दिवसांत पिकतं. तेवढी झाडं हाताने काढून वावराबाहेर न्यावीत. तासात टाकलेल्या केन्याच्या कांड्यांना ओल मिळाली की पेऱ्यापेऱ्याला मुळ्या फुटतात आणि तो पुन्हा उभा राहतो. मग मालकाला वाटतं, उपटलाच नव्हता. आमच्याकडे येणाऱ्या बाया हा केना पदरात बांधून नेतात, शेंडे भाजीला आणि उरलेला शेळीला. मी पूर्वी यावरही कुरकुरायचो, कामाच्या वेळेत भाजी कसली खुडता म्हणून. वावरातून तण बाहेर नेण्याचं ते काम त्या बिनपैशाने करत होत्या.

गेल्या दोन हंगामांपासून मी जूनमध्येच दोन्ही निंदणांचा रोज ठरवतो आणि दुसऱ्याचे थोडे पैसे आधी देऊन ठेवतो. केना अजून येतो. ऑगस्टचं भांडण मात्र झालेलं नाही. यंदा पहिलं निंदण संपलं त्या संध्याकाळी मावशींनी खुरपी धुऱ्यावरच्या पाण्यात धुतली, केन्याचं गाठोडं डोक्यावर घेतलं आणि जाता जाता विचारलं, “पाठच्याले कधी येऊ, भाऊ?”