मुरमावरची हॉकी आणि अमेरिका

माझं मराठी कॉन्व्हेंटछाप आहे, सांभाळून घ्या!

माझी मामेबहीण गडचिरोलीत नववीला आहे. मुरमाच्या ग्राउंडवर हॉकी खेळते. दिवाळीत आमच्याकडे चंद्रपूरला आली तेव्हा डोक्यात एकच, अमेरिकन कॉलेज! मी हसलो. तिकडे हॉकी म्हणजे बर्फावरची ना? मग शोधलं. आपली मैदानी हॉकीसुद्धा तिथल्या कॉलेजांत आहे, पण एनसीएएच्या स्पर्धा फक्त मुलींच्या. पोरांचा पत्ता कट! स्कॉलरशिप मिळू शकते, मात्र मार्क फार घसरले तर खेळता येत नाही.

ही अट मला जाम आवडली. आपल्याकडे दहावी आली की 'खेळ की अभ्यास' एवढंच विचारतात. मी तेव्हा फुटबॉल सोडला. हॉस्टेलमागे पोरं खेळताना दिसली की अजून खिडकी लावून घेतो.

पण तिकडच्या कोचला दाखवायला आधी टर्फवरचा खेळ हवा. 1976 च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकपासून मोठी हॉकी कृत्रिम टर्फवर गेली. मुरमावर चेंडू उसळतो, तिथे सरपटतो. हात नव्याने बसवावा लागतो. फलटण तालुक्यातल्या अक्षता ढेकळे, वैष्णवी फाळके पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेल्या, भारताकडून खेळल्या.

मामा म्हणतात, "पोट्टीले एवढ्या दूर कायले धाडू?" मला इंजिनिअरिंगला पाठवताना हे कुणी विचारलं नव्हतं! मामा, निवड झाली तर पुण्याला पाठवाच. दहावीची पुस्तकं सोबत द्या. अमेरिकेचं नंतर बघू.