खडकात अडकलेले तेल आणि उष्णता-मीठ सोसणारे जिवाणू

खनिज तेल वाळूच्या किंवा चुनखडीच्या खडकातल्या अतिसूक्ष्म छिद्रांत भरलेले असते. विहीर खणल्यावर त्यातले काही स्वतःच्या दाबाने वर येते, पुढे आत पाणी सोडून आणखी काही काढले जाते. एवढे करूनही सहसा निम्म्याहून अधिक तेल खडकातच राहते. पाणी आणि तेल यांच्यातल्या आंतरपृष्ठीय ताणामुळे तेलाचा थेंब छिद्राच्या अरुंद तोंडातून निसटू शकत नाही. पाणी त्याला वळसा घालून निघून जाते.

बायोसर्फॅक्टंट हा ताण कमी करतात. जिवाणूंनी तयार केलेली ही द्रव्ये साबणाचेच काम करतात. १९६८ मध्ये जपानमध्ये ‘बॅसिलस सबटिलिस’पासून वेगळे काढलेले सर्फॅक्टिन पाण्याचा पृष्ठताण मीटरला ७२ मिलिन्यूटनवरून सुमारे २७ पर्यंत खाली आणते. तेलविहिरींसाठी जिवाणू वापरण्याची कल्पना मात्र त्याहून जुनी. ती १९२६ मध्ये बेकमन यांनी मांडली आणि १९४०च्या दशकात क्लॉड झोबेल यांनी प्रयोगांनी पुढे नेली.

खरी अडचण तेलसाठ्यातल्या परिस्थितीची आहे. जमिनीखाली दर किलोमीटरला तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढते, म्हणजे दोन-अडीच किलोमीटरवर ते ८०-९० अंशांच्या घरात जाते. समुद्राच्या पाण्यात साडेतीन टक्के क्षार असतात. काही तेलसाठ्यांतल्या पाण्यात त्याच्या कितीतरी पट. त्यात प्राणवायू नाही आणि दाब प्रचंड. अशा ठिकाणी मीठ साध्या जिवाणूच्या पेशीतले पाणी ओढून घेते आणि उष्णतेने तिची प्रथिने विस्कटतात. लवणप्रिय जिवाणू एक्टोइन, बीटेन यांसारखे पदार्थ पेशीत साठवून पाणी धरून ठेवतात. उष्णताप्रिय जिवाणूंची प्रथिने मुळातच अधिक घट्ट बांधलेली असतात. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातल्या तेलक्षेत्रात सापडलेला ‘जेएफ-२’ हा बॅसिलस ५० अंश तापमानात, ८ टक्के मिठात, प्राणवायूविना वाढू शकतो.

इथे एक फरक नीट ध्यानात घ्यायला हवा. सर्फॅक्टिनसारखा रेणू ज्या उष्णतेत टिकतो, तिथे तो तयार करणारा जिवाणू जगेलच असे नाही. रेणू कारखान्यात बनवून खाली सोडणे महाग पडते. म्हणून खडकातच तो पुरेसा तयार होतो का, हीच या तंत्राची निर्णायक कसोटी. ओक्लाहोमातल्या चुनखडीच्या साठ्यात बॅसिलसचे वाण, ग्लुकोज आणि नायट्रेट सोडून विहिरी चार दिवस बंद ठेवल्या गेल्या. नंतर वर आलेल्या पाण्यात लिटरला सरासरी ९० मिलिग्रॅम बायोसर्फॅक्टंट सापडले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष प्रयोगशाळेतल्या अनेक चंबूंपेक्षा मोलाचा आहे. पोषकद्रव्ये निवडतानाही जपावे लागते, कारण सल्फेट वापरणारे जिवाणू फोफावले तर हायड्रोजन सल्फाइड तयार होऊन नळ गंजतात.

भारतात ओएनजीसी ही तेल कंपनी आणि टेरी ही संशोधन संस्था यांनी ९० अंशांपर्यंत काम करणारे जिवाणूसमूह विकसित केले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी २०१४ मध्ये ९१ ते ९६ अंशांसाठीची प्रक्रिया मांडली. बायोसर्फॅक्टंट बनवणाऱ्यांखेरीज वायू, आम्ले आणि द्रावक तयार करणारे जिवाणूही अशा कामात उपयोगी पडतात. जुन्या तेलक्षेत्रांचा विचार करता हे काम थांबता कामा नये. उपचार केलेल्या प्रत्येक विहिरीचे तापमान, क्षारता आणि आधी-नंतरचे उत्पादन, अपयशी विहिरींसह, संशोधकांपुढे खुले ठेवले जावे.