गुरुजींचाही वर्ग भरावा

मुले शाळेतून घरी आली, की ‘आज काय शिकलास?’ हा प्रश्न आपण त्यांना नेमाने विचारतो. त्यांच्या गुरुजींना हाच प्रश्न विचारावा, असे मात्र आपल्या मनातही येत नाही. पदवी पदरात पडली, नेमणूक झाली, की शिक्षकाचे शिकणे संपले, अशी आपली समजूत असते. विज्ञानाच्या शिक्षकाविषयी ही समजूत विशेष घातक होय.

या संबंधात मध्य प्रदेशातील एका प्रयत्नाची हकीकत वाचकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातील १६ ग्रामीण शाळांत किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी राज्य शासनाच्या अनुमतीने विज्ञान शिकवण्याची नवी रीत सुरू केली. सहावी ते आठवीच्या मुलांनी पाठांतर न करता स्वतः प्रयोग करावा, निरीक्षणे लिहावी आणि निष्कर्ष काढावा, ही ती रीत. फुलाचे भाग सुटे करावयास महागडी सुई कशाला? बाभळीचा काटाही चालतो!

परंतु खरी अडचण साधनांची नव्हती. ती गुरुजींच्या मनातील भीतीची होती. पुस्तक वाचून दाखवणाऱ्या शिक्षकाला उत्तर आधीच ठाऊक असते. मुले रोपे उपटून मुळे व पाने ताडून पाहू लागली, की तसे राहत नाही. जाळीदार शिरांच्या पानाखाली सोटमूळ आणि समांतर शिरांच्या पानाखाली तंतुमूळ, असा नियम त्यांना सापडतो. आणि लगेच कोणी तरी त्या नियमाला न जुमानणारे रोप पुढे करतो. अशा वेळी ‘मला ठाऊक नाही, आपण पाहू या,’ असे चारचौघांत म्हणावयास धैर्य लागते.

हे धैर्य व्याख्याने ऐकून येत नाही. म्हणून सुट्टीतील प्रशिक्षणात शिक्षकांनाच विद्यार्थी होऊन तेच प्रयोग करावे लागत. विद्यापीठांतील प्राध्यापक आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ त्यांच्या शेजारी बसून वाद घालीत. पुढे वर्षभर दर महिन्याला परिसरातील शिक्षक एकत्र जमत व आपापल्या वर्गातील अडचणी मांडीत. मुलांच्या प्रश्नांसाठी ‘सवालीराम’ नावाचे एक काल्पनिक गृहस्थ होते. त्यांना पत्र लिहिले, की उत्तर येई. प्रश्न विचारणे हा उद्धटपणा नव्हे, हे त्यामुळे मुलांना कळले आणि गुरुजींनाही.

१९७८ मध्ये ही पद्धत जिल्हाभर पसरली. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य या संस्थेने पुढे तिचा भार उचलला. तिच्या विस्तारात सर्वांत मोलाची गोष्ट घडली ती ही, की कालचे शिकाऊ शिक्षक आज इतर शिक्षकांना शिकवू लागले. खेड्यातील गुरुजी प्रशिक्षण देत, पाठ सुधारीत आणि परीक्षेचे प्रश्न रचीत. परीक्षेत पुस्तक उघडे ठेवण्याची मुभा असे. तेव्हा प्रश्न विचार करावयास लावणाराच हवा! नेतृत्व म्हणतात ते हेच. त्यासाठी मुख्याध्यापकाच्या खुर्चीची वाट पाहावी लागत नाही.

२००२ साली राज्य शासनाने हा कार्यक्रम बंद केला. तीस वर्षांचे काम एका आदेशाने थांबले, याची हळहळ वाटणारच. तरीही त्याचा धडा जुना झालेला नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात प्रत्येक शिक्षकाने वर्षाकाठी किमान ५० तास व्यवसायविषयक शिक्षण घ्यावे, अशी अपेक्षा आहे. हे तास केवळ ऐकण्यात गेले तर हजेरीपट तेवढा भरेल. करून पाहण्यात आणि सहकाऱ्यांशी मोकळेपणाने बोलण्यात गेले तर वर्ग बदलेल.

आणि आपण पालक? ‘गुरुजींना उत्तर आले नाही’ असे मुलाने घरी येऊन सांगितले, की आपण नाक मुरडतो. यापुढे त्याला एवढेच विचारावे, ‘मग तुम्ही दोघांनी ते शोधले का?’ गुरुजींच्या शिकण्याला घरातून मिळणारा हा आधार लहान खरा. पण तो नसेल, तर ‘मला ठाऊक नाही’ असे म्हणण्याचे धैर्य कोणता शिक्षक करील?