तापलेला ड्रम, वर कापूस

नागपूर-हैदराबाद महामार्गावर, जामच्या चौकातून हिंगणघाटकडे वळणाऱ्या कापसाच्या गाड्या पाहिल्या की मला त्यांच्या मागच्या चाकांची काळजी वाटते. ब्रेक पुरता सुटला नाही, तर लायनर ड्रमला घासत राहते, ड्रम तापतो, टायर पेट घेऊ शकतो. आणि वर कापूस असतो. जळका वास आला, गाडी जड ओढू लागली, तर लगेच बाजूला थांबा. तापल्या ड्रमवर पाणी ओतू नका, तो तडकतो. गार झाल्यावर बाकीच्या चाकांना दगड लावा, ब्रेक सोडा, चाक उचलून हाताने फिरवा. दोष बहुधा साधाच निघतो: थकलेली रिटर्न स्प्रिंग, ग्रीसअभावी जाम झालेला कॅमशाफ्ट, जास्त कसलेला स्लॅक ॲडजस्टर. नुसता ब्रेक ढिला करून पुढे निघू नका, मूळ दोष काढा. त्या तासाभरात शेतकऱ्याचे वर्ष आणि चालकाचा जीव वाचतो.