सैनिक आणि गवंडी

शाळेत रक्ताचा धडा बहुधा एकाच साच्यात शिकवला जातो. तांबड्या पेशी प्राणवायू वाहून नेतात, पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात, प्लेटलेट्स रक्त गोठवतात. परीक्षेत जोड्या जुळवल्या की गुण मिळतात. मी जन्मभर भाषा शिकवली, विज्ञान नव्हे. तरी निवृत्तीनंतरच्या वाचनातून माझे मत झाले आहे, की ही वाटणी मुलांना जरूर शिकवावी, पण तिथेच थांबू नये. शरीर म्हणजे काही सरकारी कचेरी नव्हे, की या टेबलाचे काम त्या टेबलावर होणार नाही!

जंतू शिरले की त्या जागी दाह होतो. अशा वेळी मोनोसाइट या पांढऱ्या पेशी आपल्या पृष्ठभागावर 'टिश्यू फॅक्टर' नावाचे प्रथिन आणतात. एरवी ते रक्तवाहिनीच्या बाहेरच्या थरांत असते आणि जखम झाली तरच रक्ताशी त्याची गाठ पडते. रक्त गोठण्याची पहिली ठिणगी तीच. न्यूट्रोफिल या पेशींची तऱ्हा त्याहून अजब. त्या स्वतःचाच डीएनए बाहेर फेकून जाळे पसरतात आणि जंतूंना त्यात अडकवतात. बर्लिनच्या संशोधकांनी हे २००४ साली दाखवले. पुढे २०१० मध्ये दिसून आले, की या जाळ्यात प्लेटलेट्स आणि तांबड्या पेशीही अडकतात व गुठळी बनते. म्हणजे सैनिकच गवंडी होऊन भिंत बांधतो!

यात शहाणपण आहेच. वाटा बुजवल्या की शत्रू पसरत नाही. नालखेकडा या प्राचीन सागरी जिवात तर लढणे आणि रक्त गोठवणे ही दोन्ही कामे एकाच प्रकारची पेशी करते.

परंतु अति तेथे माती. दाह आवरला नाही, तर हीच भिंत आपल्याच रक्तवाहिन्या बुजवते. २०२० साली कोविडच्या कित्येक रुग्णांच्या फुफ्फुसांत गुठळ्या सापडल्या, त्यामागे हेही एक कारण होते. कॅनडातील ओंटारिओ प्रांतातला २०१८ चा अभ्यास सांगतो, की फ्लूचे निदान झाल्यावर पहिल्या ७ दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे ६ पट वाढलेला होता.

म्हणून माझ्या वयाच्या वाचकांना सांगावेसे वाटते, की ताप उतरला म्हणजे सगळे आटोपले असे समजू नका. आजारपणानंतर एकच पाय सुजला, पोटरी दुखू लागली, तर "अंथरुणावर पडून पाय आखडला असेल" म्हणत तेल चोळत बसू नये, डॉक्टरांना दाखवावे. एकाएकी धाप लागली किंवा छातीत दुखले, तर तडक इस्पितळ गाठावे. फ्लूची लस घेण्याबद्दलही डॉक्टरांना आवर्जून विचारावे.

आणि पाठ्यपुस्तक मंडळींना विनंती एवढीच, की त्या जोड्यांखाली एक ओळ वाढवा : 'या पेशी एकमेकींची कामेही करतात.' जिज्ञासू मूल पुढचे आपण होऊन शोधील.