नवख्यांना शेजारी बसवा
'हौशी नवख्यांनी मूर्तिकलेचा पोरखेळ केला' हे पत्र वाचले. पटले नाही. मीही परळच्या कारखान्यात नवखाच आलो होतो. घाईने उन्हात ठेवलेली माझी पहिली शाडूची मूर्ती तडकली. जुन्या कारागिरांनी हाकलले नाही. मूर्ती सावलीत, सबुरीने कशी वाळवायची ते दाखवले. २०१७मध्ये मूर्तिकार विजय खातू गेले आणि त्यांची कन्या रेश्मा यांनी कार्यशाळा हाती घेतली. कला अशीच पुढे जाते. नवख्यांनीही आधी माती मळावी, ब्रश नंतर मागावा. पण जाणत्यांनो, विचारणाऱ्याला हिणवू नका. डोळ्यांची आखणी शेजारी बसूनच शिकता येते. तेवढी जागा त्यांना द्या.
– एक मूर्तिकार, लालबाग