‘तुरळक ठिकाणी पाऊस’ आणि चौमूंची बाजरी

जयपूर जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस पडेल, काही भागांत सोसाट्याचा वारा वाहील व विजा चमकतील, हवेतील आर्द्रतेमुळे उकाडा कायम राहील. ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरच्या प्रारंभी पूर्व राजस्थानसाठी प्रसृत होणाऱ्या साप्ताहिक हवामान अंदाजाचे स्वरूप बहुधा असेच असते. जयपूरच्या उत्तरेस सुमारे ३३ किलोमीटर अंतरावर, सीकरकडे जाणाऱ्या महामार्गावर चौमूं हे गाव वसलेले आहे. तेथील शेतकऱ्याला या अंदाजातून एकाच प्रश्नाचे उत्तर हवे असते. कापणीला आलेली बाजरी उद्या कापावी, की चार दिवस उभीच ठेवावी? अंदाज आणि हा प्रश्न यांच्यातील अंतर गेल्या काही वर्षांत खरोखर कमी झाले आहे काय, हे तपासून पाहणे उचित ठरेल.

उकाड्याचे कारण

पावसाळ्यात कमी दाबाचा एक लांबलचक पट्टा राजस्थानातील श्रीगंगानगरच्या परिसरापासून बंगालच्या उपसागरापर्यंत पसरलेला असतो. हा पट्टा दक्षिणेकडे सरकला आणि उपसागरात निर्माण झालेले कमी दाबाचे क्षेत्र मध्य प्रदेश ओलांडून पुढे आले, की पूर्व राजस्थानात सर्वदूर पाऊस पडतो. ऑगस्ट २०२५ च्या तिसऱ्या आठवड्यात कोटा, बूंदी आणि सवाई माधोपूर या जिल्ह्यांत अतिवृष्टीमुळे पूरस्थिती ओढवली होती.

याउलट हा पट्टा हिमालयाच्या पायथ्याकडे सरकला, तर राजस्थानात पाऊस उघडीप देतो. मात्र हवेतील बाष्प तेथेच राहते. ऊन तापते, घाम वाळत नाही आणि दुपारनंतर अरवलीच्या डोंगररांगांच्या आसपास गडगडाटी ढग जमू लागतात. अशा एका ढगाचा विस्तार काही किलोमीटरचाच असतो आणि त्याचे आयुष्य साधारण अर्धा ते एक तास. एका गावात पाणी साचावे आणि शेजारच्या गावात धूळही बसू नये, असे दृश्य या दिवसांत नित्याचे असते.

शब्दांमागचे आकडे

आकाशवाणीवरून वर्षानुवर्षे ऐकल्यामुळे हवामानवृत्तातील शब्द आपल्या परिचयाचे झाले आहेत. परंतु हे शब्द ढोबळ नाहीत, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. भारतीय हवामान विभागाच्या परिभाषेत ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातील २५ टक्के किंवा त्याहून कमी पर्जन्यमापन केंद्रांवर पाऊस होणे. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे ५१ ते ७५ टक्के आणि ‘बहुतेक ठिकाणी’ म्हणजे त्याहून अधिक केंद्रांवर.

पावसाच्या प्रमाणाबाबतही तसेच आहे. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस झाल्यास हवामान विभाग त्याला ‘मुसळधार’ म्हणतो, ११५.६ ते २०४.४ मिलिमीटरपर्यंत ‘अति मुसळधार’ आणि त्यापुढे ‘अत्यंत मुसळधार’. महाराष्ट्राच्या महसूल खात्याच्या दप्तरी मात्र एका दिवसात ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की ‘अतिवृष्टी’ची नोंद होते. म्हणजे एकाच पावसाला दोन कचेऱ्यांत दोन नावे मिळतात आणि शेतकऱ्याला दोन्ही भाषा समजून घ्याव्या लागतात.

आता आरंभीच्या अंदाजाकडे पुन्हा पाहू. ‘तुरळक ठिकाणी’ हा शब्द जिल्ह्यासाठी आहे आणि जयपूर जिल्हा सांभर सरोवरापासून पूर्वेस बस्सीच्याही पुढे पसरलेला आहे. दहापैकी दोन केंद्रांवर पाऊस झाला आणि चौमूं कोरडे राहिले, तरी अंदाज अचूकच ठरतो. त्याच दिवशी चौमूंच्या शिवारात तासाभरात शेते जलमय झाली, तरीही तो अचूकच ठरतो. अंदाज खोटा निघाला, ही तक्रार पुष्कळदा या भाषेविषयीच्या गैरसमजातून उद्भवते.

पावसाळ्याचा बदललेला निरोप

वायव्य राजस्थानातून मोसमी पाऊस माघार घेण्याची सर्वसाधारण तारीख पूर्वी १ सप्टेंबर मानली जात असे. २०२० मध्ये हवामान विभागाने ती १७ सप्टेंबर अशी निश्चित केली. जुनी तारीख १९०१ ते १९४० या काळातील नोंदींवर, तर नवी १९७१ ते २०१९ या काळातील नोंदींवर आधारलेली आहे. त्यामुळे या सोळा दिवसांच्या फरकाचे सारे श्रेय एकट्या हवामानबदलाला देणे घाईचे ठरेल, कारण पूर्वीच्या नोंदींचे जाळेही विरळ होते. तथापि, अलीकडच्या वर्षांतील नोंदी बोलक्या आहेत. परतीच्या प्रवासाला २०१९ मध्ये ९ ऑक्टोबरला, २०२० मध्ये २८ सप्टेंबरला, २०२१ मध्ये ६ ऑक्टोबरला, २०२२ मध्ये २० सप्टेंबरला, २०२३ मध्ये २५ सप्टेंबरला, तर २०२४ मध्ये २३ सप्टेंबरला सुरुवात झाली. २०२५ मध्ये ती १४ सप्टेंबरला, म्हणजे तीन दिवस आधी झाली.

या तारखांचा थेट संबंध पिकाशी आहे. जुलैच्या पावसावर पेरलेली बाजरी सप्टेंबरमध्ये कापणीस येते. ती फुलोऱ्यात असताना ढगाळ, दमट हवा राहिली तर अरगट रोग बळावतो. दाणा भरल्यानंतर पाऊस लागून राहिला तर कणसातच मोड येतात. दाण्याबरोबर सरमाडही काळे पडते आणि दुभत्या जनावरांच्या वैरणीचा प्रश्न उभा राहतो. भुईमूग त्यानंतर निघतो. उपटून शेतात वाळत घातलेल्या वेलांवर पाऊस पडला, तर शेंगांना बुरशी धरते आणि बाजारात भाव पडतो. महाराष्ट्रात परतीच्या पावसाने काढणीला आलेल्या सोयाबीनची जी गत होते, तिच्याशी परिचित असलेल्या वाचकाला हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

येथे विम्याचाही प्रश्न उपस्थित होतो. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत कापून शेतात पसरलेल्या पिकाला कापणीनंतर कमाल १४ दिवसांपर्यंत चक्रीवादळ, अवकाळी पाऊस आदी कारणांसाठी संरक्षण मिळते. नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत द्यावी लागते. परंतु पावसाळ्याची अधिकृत अखेरच १७ सप्टेंबरवर गेली असेल, तर १० सप्टेंबरच्या पावसाला ‘अवकाळी’ म्हणायचे की नाही? कृषी पंचांग आणि विम्याची भाषा यांचा मेळ या नव्या तारखांशी घालणे आवश्यक झाले आहे.

विजेचा धोका

पिकाचे नुकसान एखाद्या हंगामात भरून निघू शकते, मनुष्यहानी भरून निघत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात वीज पडून २,८८७ जणांचा मृत्यू झाला. आदल्या वर्षी हा आकडा २,८८० होता. चौमूंप्रमाणेच जयपूर जिल्ह्यात असलेल्या आमेर किल्ल्याजवळच्या टेहळणी बुरुजावर ११ जुलै २०२१ रोजी पावसाची मजा घेण्यासाठी जमलेल्या लोकांवर वीज कोसळली आणि ११ जण मृत्युमुखी पडले.

विजेच्या बाबतीत साप्ताहिक अंदाजाचा उपयोग मर्यादित असतो. तेथे पुढील तीन तासांसाठी दिला जाणारा तात्कालिक इशाराच महत्त्वाचा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने विकसित केलेले ‘दामिनी’ हे मोबाइल ॲप परिसरातील विजांची सूचना देते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या ‘सचेत’ व्यवस्थेतून मोबाइलवर संदेशही येतात. मात्र दूरच्या शेतात काम करणाऱ्या मजुराच्या हाती त्या क्षणी मोबाइल असेलच, असे नाही. म्हणून साधा नियम सर्वांनी पाठ करावा. वीज चमकल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर तत्काळ पक्क्या इमारतीत जावे आणि अखेरचा गडगडाट ऐकल्यानंतर तीस मिनिटे बाहेर पडू नये. एकट्या उभ्या झाडाचा आसरा कदापि घेऊ नये.

अंदाज जवळ, सल्लागार दूर

अंदाज अधिक सूक्ष्म करण्याच्या दिशेने देशाने मोठी मजल मारली आहे, हे मान्य करावे लागेल. सप्टेंबर २०२४ मध्ये पुण्यात ‘अर्क’ आणि नोएडा येथे ‘अरुणिका’ हे महासंगणक कार्यान्वित झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये ग्रामपंचायत पातळीवर पाच दिवसांचा अंदाज पुरवण्याचा उपक्रम सुरू झाला. मे २०२५ मध्ये सहा किलोमीटरच्या चौकटीत अंदाज वर्तवणारी ‘भारत फोरकास्ट’ प्रणाली आली. यापूर्वीच्या प्रणालीची चौकट बारा किलोमीटरची होती.

परंतु त्याच २०२४ मध्ये जिल्हा पातळीवर कृषी हवामान सल्ला देणारी सुमारे दोनशे केंद्रे देशभरात बंद करण्यात आली. अंदाजाचे शेतीच्या भाषेत रूपांतर करणे आणि अमुक पीक अमुक अवस्थेत असेल तर काय करावे हे सांगणे, हे त्या केंद्रांचे काम होते. दर मंगळवारी व शुक्रवारी प्रसिद्ध होणाऱ्या कृषी हवामान पत्रिकेचे महत्त्व याच रूपांतरात आहे. नकाशावरची चौकट लहान होत असताना ती वाचून दाखवणारी माणसे कमी झाली, हा विरोधाभास आहे.

यंत्र कितीही प्रगत झाले, तरी दुपारचा गडगडाटी ढग नेमका कोणत्या बांधावर रिकामा होईल, हे पाच दिवस आधी सांगता येणार नाही. म्हणून शेतकऱ्यानेही अंदाज तीन टप्प्यांत वाचणे हिताचे ठरेल. साप्ताहिक अंदाजावरून मजुरांचे व मळणी यंत्राचे नियोजन करावे, दुसऱ्या दिवसाच्या अंदाजावरून किती शेत कापायचे ते ठरवावे आणि तीन तासांच्या इशाऱ्यावरून शेतात थांबावे की घरी परतावे, हा निर्णय घ्यावा. ‘तुरळक ठिकाणी’ असा अंदाज असेल, तर सारी बाजरी एकाच दिवशी आडवी न करता सुरक्षित जागी हलवता येईल तेवढीच कापणे शहाणपणाचे.

मोसमी पावसाने अनेकदा सप्टेंबरच्या उत्तरार्धापर्यंत मुक्काम ठोकल्यामुळे हे दमट, वादळी आठवडे आता कापणीच्या दिवसांत येऊ लागले आहेत. ते टाळणे कोणाच्याही हाती नाही. मात्र ‘तुरळक’ या शब्दाचा अर्थ चौमूंच्या बांधापर्यंत पोहोचवणारा जाणकार माणूस प्रत्येक तालुक्यात असणे, ही गोष्ट शासनाच्या आवाक्यातील आहे. महासंगणकाच्या तुलनेत तिचा खर्चही अल्प आहे.